मार खाऊन हात न उचलणारं पात्र वाचकाला दुबळं का वाटतं?

तापीकाठ_शहादा

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहून राहिलो, पहिलीच आहे. काळ १९७१-७२ चा, गाव आपल्या गोमाई काठचं, नाव बदललेलं. विषय सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणाऱ्या गड्यांचा. माझे आजोबा सालदार होते, आखाजी (अक्षय तृतीया) ते आखाजी असं साल ठरायचं, आणि साल संपलं तरी उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची नाही म्हणून पुन्हा त्याच खळ्यावर. तर ते सगळं घरात ऐकत मोठा झालो, त्यामुळे मटेरियल भरपूर आहे, अडचण दुसरीच आहे.

कादंबरीत दोन मुख्य माणसं आहेत. एक म्हातारा सालदार आणि एक त्याचा पोरगा. पाटीलवाडीचं प्रकरण, म्हणजे आदिवासींवरचा गोळीबार, झालंय, आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज यांच्या सभा चालू आहेत, वातावरण तापलंय. पोरगा म्हणतो आता कोयता काढायचा. म्हातारा म्हणतो हात उचलायचा नाही, काम बंद करायचं, बसून राहायचं, मारलं तरी बसून राहायचं. मालकाचा माणूस त्याला भर खळ्यात सगळ्यांसमोर पराणीने (बैल हाकायच्या काठीने) मारतो आणि तो उठत नाही, हा माझ्या मते पुस्तकाचा कणा आहे.

मागच्या महिन्यात आमच्या वाचन कट्ट्यावर ही पाच प्रकरणं वाचून दाखवली. सगळ्यांना पोरगा आवडला. म्हाताऱ्याबद्दल एक जण म्हणाला बिचारा, गरीब गाय आहे. कॉलेजची एक मुलगी म्हणाली काका, ह्याला राग येतच नाही का? मी घरी येऊन रात्रभर जागा होतो, कारण माझ्या डोक्यात तो सगळ्यात धीट माणूस आहे आणि कागदावर तो बावळट झालाय.

प्रश्न असा की अन्यायाविरुद्धच्या कादंबरीत अहिंसा मानणारं पात्र उभं करायचं कसं? ते एकतर संत होतं किंवा मरतं किंवा दोन्ही. वाचक मारणाऱ्याच्या बाजूने का जातो? की हा प्रकारच असा आहे की त्यात अहिंसा बसत नाही? ज्यांनी वाचलंय, लिहिलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.


मास्तर_धुळे

प्रश्न आवडला. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त आहे, आता वेळच वेळ आहे, त्यामुळे लांब लिहितो, चालवून घ्या.

तुमच्या म्हाताऱ्याचा सख्खा भाऊ अमेरिकेत आहे, १८५२ साली छापलेला. टॉमकाकाची कहाणी, हॅरिएट बीचर स्टोव्ह बाईंची गुलामांवरची कादंबरी. आपल्याकडे बहुतेकांनी लहान मुलांसाठी केलेली पातळ आवृत्ती वाचलीय किंवा नुसतं नाव ऐकलंय, आणि तिकडे तर टॉमकाका ही शिवी झाली, मालकापुढे वाकणारा म्हणून. पण मूळ पुस्तकात टॉम म्हातारा नाहीच, रुंद छातीचा धट्टाकट्टा माणूस आहे, घरी लहान लेकरं आहेत. नंतर नाटकवाल्यांनी त्याला वाकलेला म्हातारा करून टाकला, आणि लोकांच्या डोक्यात तोच बसला.

मूळ पुस्तकात तो काय करतो ते बघा, आपल्या भागातल्या माणसाला हे जास्त कळेल कारण गोष्ट कापूस वेचणीची आहे. एक आजारी बाई वेचायला आहे, तिचं वजन भरत नाही. टॉम आपल्या वेचणीतला कापूस तिच्या टोपलीत टाकतो. संध्याकाळी काट्यावर मालकाला संशय येतो आणि तो टॉमलाच सांगतो की तू हिला चाबकाने मार. टॉम म्हणतो काम सांगाल तेवढं करीन, मरेपर्यंत करीन, पण हे नाही करणार. इथून त्याचा मार सुरू होतो. म्हणजे तो मार सोसतो हे खरं, पण आधी त्याने एक गोष्ट नाकारलीय. तुमचा म्हातारा काय नाकारतो? नुसता बसून राहतो हे तुम्ही सांगितलं, कशाला नाही म्हणतो ते मला तुमच्या पोस्टमध्ये दिसलं नाही.

आणि पुढे अजून एक प्रसंग आहे जो बहुतेक लोक विसरतात. मालकाच्या घरातली एक छळलेली बाई रात्री टॉमकडे येते आणि सांगते की त्याच्या दारूत औषध घातलंय, तो पडलाय, दार उघडं आहे, कुऱ्हाड तिथेच आहे, माझ्या हातात जोर नाही, तू चल. टॉम नाही म्हणतो, तिलाही करू देत नाही, आणि तिला सांगतो तू पळ. नंतर ती कुठे लपलीय हे सांगत नाही म्हणून तो मारला जातो. लेखिकेने त्याच्या समोर खरीखुरी कुऱ्हाड ठेवली होती हो. कुऱ्हाड हाताशी असताना न उचलणं आणि कुऱ्हाडच नसणं ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

त्याच पुस्तकात दुसरा गुलाम आहे जॉर्ज, तो पिस्तुल घेऊन पळतो आणि त्याला लपवणारे आहेत क्वेकर पंथाचे लोक, जे कुठल्याही परिस्थितीत शस्त्र धरत नाहीत. त्यांच्यातला एक लग्नासाठी नव्याने पंथात आलेला, अंगात जुनी रग शिल्लक. गुलाम पकडणारा माणूस खडकावर चढून येतो तेव्हा हा त्याला अगदी आदराने बोलत खाली ढकलून देतो. आणि मग तेच क्वेकर त्या जखमी माणसाला उचलून नेऊन त्याची सेवा करतात. लेखिकेने अहिंसा एका साच्यात घालून ठेवली नाही, तिला भेगा ठेवल्या, म्हणून ती माणसं खरी वाटतात.

जाता जाता, जोतिरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. तेव्हा हा विषय आपल्या घरापासून लांबचा आहे असं कोणी समजू नये.


कपाशीवाला_चोपडा

सर चांगलं लिहिलं तुम्ही पण मला मूळ मुद्दाच पटत नाही म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अहिंसा कोणाला शिकवतात? ज्याच्या पाठीवर पराणी पडते त्यालाच. पराणी धरणाऱ्याला कोणी कादंबरी लिहून सांगत नाही की बाबा तू हात खाली घे. म्हणून वाचक पोऱ्याच्या बाजूने गेला तर त्यात वाचकाचं काय चुकलं, मी पण गेलो असतो. अण्णाभाऊंचा फकिरा १९५९ चा, उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, खजिना लुटतो, आणि आजही गावात पोरं ते पुस्तक वाचून ताठ होतात. ज्या माणसाला जन्मभर खाली बघायला लावलं त्याला एकदा तरी वर बघणारा, वार करणारा माणूस कागदावर दिसायला पाहिजे, ती त्याची भूक आहे.

आणि खान्देशात काय नुसती अहिंसाच होती का? ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती झेंडा घेऊन गोळ्या खाऊन गेले, शिरीषकुमार तर १५ वर्षांचा पोरगा. आणि दीडच वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ ला, चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, साताऱ्याच्या प्रतिसरकारवाल्यांनी. दोन्ही आपल्याच मातीत झालं आणि दोन्हीला आपण डोक्यावर घेतो. मग कादंबरीत एकालाच बरोबर ठरवायचा हट्ट कशाला? तुमच्या म्हाताऱ्याला जिंकवू नका, पोराला पण जिंकवू नका.


सातपुडा_धडगाव

दादा तुमचं 'अहिंसा कोणाला शिकवतात' हे वाक्य बरोबर आहे, मला ते आवडलं. पण एक गोष्ट सांगते. आमच्या घरातलं आहे.

डिसेंबर १९९० मध्ये नर्मदा खोऱ्यातून लोक पायी निघाले होते, बडवानीकडून गुजरातच्या दिशेने, सरदार सरोवर धरणाचं काम थांबवा म्हणून. आमच्या अक्राणीच्या डोंगरातले पण होते, माझा मामा होता त्यात, तेव्हा विशीतला असेल. गुजरातच्या हद्दीवर फेरकुव्याला अडवलं. मग लोकांनी काय केलं तर स्वतःचे हात बांधून घेतले, आणि तसे बांधलेल्या हातांनी तुकड्या तुकड्या पुढे गेल्या. पोलिस मारतील, ढकलतील, पण आमच्याकडून हात उठणार नाही हे दिसावं म्हणून. तिथेच जानेवारीभर मुक्काम पडला, मेधाताई पाटकर आणि काही जण तीन आठवडे उपोषणाला बसले.

मामाला मी लहानपणी विचारलं होतं, मामा हात का बांधले, भीती वाटत होती का? तो म्हणाला होता, भीती पोलिसांची नव्हती, माझ्या हाताची होती. मामा तिरकामठा चालवणारा माणूस, डोंगरात वाढलेला, त्याच्या हाताला उठायची सवय होती. म्हणून बांधला. ज्याचा हात उठतच नाही त्याला दोरी कशाला लागेल?

मला वाटतं शहाद्याच्या दादांच्या म्हाताऱ्यात ती दोरी नाहीये. त्या कॉलेजच्या मुलीने बरोबर विचारलं, राग येतच नाही का. राग दाखवा ना. त्याच्या हातात किती ताकद आहे ते पहिल्या प्रकरणात दाखवा, एखादा बैल बिथरला आणि त्याने एकट्याने वेसण धरून आणला, असं काही. मग तो बसून राहिला तर वाचणाऱ्याचा श्वास अडकेल.

आणि ह्याची किंमत पण लिहा, गुळगुळीत करू नका. हात बांधून पण धरण झालंच. मणिबेली गाव बुडालं. १९९३ ला आमच्या धडगाव भागात पोलिसांच्या गोळीने रहमल वसावे गेला, शाळकरी वयाचा पोरगा. अहिंसेने लढलं की शेवट गोड होतो असं लिहिलं तर आमच्याकडचा एक पण माणूस ते पुस्तक पुढे वाचणार नाही.


अमळनेर_वाचक

वरचं वाचून अंगावर काटा आला ताई.

मी दोन उदाहरणं देतो, दोन्ही ह्या धाग्याला लागू आहेत. पहिलं प्रेमचंदांचं रंगभूमी, १९२५ चं. आंधळा भिकारी सूरदास, त्याच्या नावावर थोडी पडीक जमीन, त्यात गावाची गुरं चरतात, आणि सिगारेटच्या कारखान्यासाठी ती घ्यायचीय. तो देत नाही. एवढंच. त्याच्याकडे शस्त्र नाही, पैसा नाही, डोळे नाहीत. त्याची झोपडी जाळली जाते तेव्हा जवळचं लहान पोरगं विचारतं आता राहायचं कुठे, तो म्हणतो दुसरी बांधू. पुन्हा जाळली तर? पुन्हा बांधू. पोरगं आकडा वाढवत नेतं आणि तोही तेवढाच आकडा वाढवत जातो, अगदी खेळातल्यासारखं. दुबळा माणूस असा बोलत नाही. शेवटी तो गोळीनेच जातो, हे खरंय, म्हणजे तुमचा 'संत होतं आणि मरतं' हा मुद्दा इथे लागू पडतो. तरी तो मला मूर्ख कधी वाटला नाही, कारण तो जिद्दी आहे, चिडतो, भांडतो, लोकांना उलट उत्तरं देतो.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं, बाबुराव बागुलांची जेव्हा मी जात चोरली होती, १९६३. गुजरातेत रेल्वेत नोकरी लागलेला तरुण जात लपवून खोली घेतो. आपल्या किती घरातली माणसं तापी लाईनने सुरत उधन्याला गेली, त्यांना खोली शोधणं म्हणजे काय ते माहीत आहे. त्याच्यासोबत काशिनाथ आहे, तो जात लपवत नाही, चाकू बाळगतो, अंगावर जातो. शेवटी जात उघड होते, मार पडतो, काशिनाथ येऊन सोडवतो. आणि मार खाल्लेला माणूस म्हणतो की मला ह्यांनी नाही मारलं, मनूने मारलं. मी हे पंधरा वीस वेळा वाचलं असेल. पहिल्यांदा वाटलं हा पळपुटेपणा आहे. आता वाटतं की त्या क्षणी त्याला मारणाऱ्यांपेक्षा मोठा शत्रू दिसला. पण बागुल काशिनाथला खोटा ठरवत नाहीत, चाकू नसता तर निवेदक वाचला असता का हा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या बाप लेकाची जोडी मला ह्या दोघांसारखी वाटली, तुम्ही एकाला कणा केलंय आणि दुसऱ्याला नुसता विरोधासाठी ठेवलंय की काय ते तपासा.

आणि चोपड्याच्या भाऊंना एक. महाडला २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी प्याल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. बाबासाहेबांसोबतच्या कितीतरी लोकांना लढाईचा अनुभव होता, सैन्यात काम केलेले होते त्यात. त्यांना उलट वार करू दिला नाही. ती अहिंसा वरून कोणी शिकवलेली नव्हती, आतल्यांनी स्वतः घेतलेला निर्णय होता. तुमचा मुद्दा कोण कोणाला सांगतो हा आहे ना, मग म्हाताऱ्याला हे कोणी सांगितलं की त्याचं त्याने ठरवलं, हे कादंबरीत आलंच पाहिजे.


मास्तर_धुळे

अमळनेरकर, महाडचं बरं काढलंत. शब्दाचा एक गोंधळ आहे तोही सांगतो. युद्धाला विरोध करणारी कादंबरी वेगळी आणि अन्यायाविरुद्ध हात न उचलता लढणाऱ्या माणसाची वेगळी. पहिल्या प्रकारात ऑस्ट्रियाच्या बेर्टा फॉन झुटनर बाईंनी १८८९ मध्ये शस्त्रं खाली ठेवा अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली, लढाईत नवरा गमावलेल्या बाईची गोष्ट, आणि १९०५ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. तिथे कोणीच लढू नये एवढं म्हणून भागतं. सालदाराला तसं म्हणून चालत नाही, त्याला तर लढायचंच आहे, फक्त कशाने ते ठरवायचंय.

आमच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी लिहून घ्यायचे. मी कितीदा विचार करतो, सत्याग्रहात हात न उचलता आत आलेली माणसं, आणि ऐकताहेत काय तर रणांगणावरची गोष्ट. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.


वैनी_म्हसावद

मी इथे फक्त वाचते, लिहित नाही, पण शहाद्याचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही.

तापीकाठ भाऊ, तुमच्या कादंबरीत बाया कुठे आहेत? १९७२ ला आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना झाली आणि त्यानंतर आमच्या भागातल्या आदिवासी बाया गावोगाव जाऊन दारूच्या भट्ट्यांवर मडकी फोडायच्या. माझी सासू त्यात होती. नवरा दारू पिऊन मारतो, मालक दारूवर उचल लावतो, मग बायांनी ठरवलं मडकंच फोडायचं. दहा गावच्या बाया एकत्र चालत यायच्या. माणसाला हात लावायचा नाही, मडकं सोडायचं नाही. आता सांगा ही हिंसा की अहिंसा? सासूला विचारलं तर ती म्हणायची, माले त्या नावंस्नं काही माहीत नही, मडकं फुटनं ना, घर वाचनं.

सासूला कोणी गरीब गाय म्हणालं असतं तर तिने त्याला उभं केलं नसतं. पण तिने कोणाच्या अंगावर हात टाकलेला मी ऐकलेला नाही. तुम्ही म्हातारा नि पोऱ्या दोघांत सगळं वाटून टाकलं, मारणं की बसणं, जसं काही मधे दुसरं काही नव्हतंच. त्या म्हाताऱ्याची बायको काय करत होती त्या दिवशी?


कपाशीवाला_चोपडा

वैनी तुम्ही एका प्रश्नात सगळ्यांना गप्प केलं. धडगावच्या ताईंचं दोरीचं पण डोक्यातून जात नाहीये. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, काशिनाथ पाहिजेच, फकिरा पाहिजेच. पण अशा म्हाताऱ्याची गोष्ट मी वाचेन, तो हात स्वतः बांधत असेल तर.


तापीकाठ_शहादा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरं वहीत उतरवून घेतली आणि ते खळ्याचं प्रकरण बाजूला ठेवून पहिल्यापासून लिहायला बसलो.

मास्तर सर, तुम्ही विचारलंत तो काय नाकारतो. खरं सांगतो, मी ते ठरवलंच नव्हतं. आजोबांच्या आठवणीतून एक गोष्ट मिळाली. मालकाने दुसऱ्या सालदाराला, उचल न फेडता पळून गेला म्हणून, पकडून आणायला आजोबांना पाठवलं होतं आणि आजोबा गेले नाहीत, म्हणाले मी औत हाकीन, माणूस हाकणार नाही. हे घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि मी ते कादंबरीत घेतलंच नव्हतं. आता मार त्याच्यावरून पडतो.

बैलाचा प्रसंग सुरुवातीला घेतोय ताई. आणि आदल्या रात्रीचं एक नवीन प्रकरण लिहिलंय. गोठ्यात पोरगा कुऱ्हाडीला धार लावत बसलाय, म्हातारा येतो, त्याच्या हातातून कुऱ्हाड घेतो, आणि मी लिहिता लिहिता थांबलो कारण म्हाताऱ्याने ती लगेच खाली ठेवली नाही. अंगठ्याने धार बघितली. मालकाच्या वाड्याचा दिवा गोठ्यातून दिसतो तिकडे बघत किती तरी वेळ उभा राहिला. पोरगा घाबरून म्हणतो, बा, काय करी ऱ्हायना?

वैनी, म्हाताऱ्याची बायको आत्तापर्यंत पाच प्रकरणांत मिळून तीन वेळा भाकरी वाढायला आली होती, तुमचं वाचून मलाच वाईट वाटलं. आता ती त्या रात्री गोठ्याच्या दारात आहे आणि तिने सगळं बघितलंय. कुऱ्हाड शेवटी ती नेते. कुठे ठेवते ते दोघांनाही सांगत नाही. तुमच्या सासूबाई, त्या बाया, रात्री निघताना घरात काय सांगून निघायच्या? लहान लेकरं कोणाकडे ठेवायच्या? हे मला कुठे लिहिलेलं मिळत नाहीये, तुम्हाला आठवत असेल तेवढं सांगा, अहिराणीतच सांगितलं तरी चालेल.


वैनी_म्हसावद

लेकरं संगे न्यायच्या भाऊ. कडेवर घेऊन. बाकीचं संध्याकाळी फोनवर नणंदेला विचारून लिहिते, ती तेव्हा कडेवर होती.